आधी सासूनं तोंड उघडायचं

त्या दिवशी आमच्या सोप्यात कोण कोण हुतं त्ये आधी सांगते. मी हुते, हौसाबाई. माझी सून शालन हुती, नुकता चौथा महिना लागल्याली. माझी जाऊ फुलाबाई सुपात शेंगा घेऊन फोडत बसल्याली. माझा ल्योक तानाजी मिलिट्रीत, लांब बर्फात हुता, पर शालनच्या हातातल्या फोनमधी त्यो बोलत हुता म्हणून त्येला बी धरते. मागं गोठ्यात म्हस हुती. तिला बी धरा, तिचं काम फुडं येतंय. आन् उंबऱ्यात चपला काढत हुती ती मुमताज सिस्टर. तिचंच सांगायचं हाय.

आमचं गाव कडेगाव तालुक्यात. चारी अंगानं ऊस. तानाजी पाळण्यात असताना मालक गेलं. तवापासनं ऊस तोडायला, भांगलायला, जितं बोलिवलं तितं गेले. रडायला येळ नव्हता, म्हणून रडायची सवयच लागली न्हाई. ह्ये माझं पुराण न्हाई सांगत. येवढ्यासाठी सांगते की मी लय मानी बाई हुते. माझ्याच घरात येऊन कुणी मला "तोंड उघडा" म्हणावं, ह्ये मला कवा सपनात बी आलं नव्हतं.

शालनचं पहिलं लेकरू आठव्या महिन्यात पोटातच गेलं. पोरगा हुता. मागनं कळलं, शुगर वाढली हुती. तवा आमाला शुगर म्हंजे म्हाताऱ्या माणसांचा रोग वाटायचा. दुसऱ्या येळंला दिवस गेलं आन् पहिल्या तपासणीतच शुगर निघाली. डाक्टरनं इंजेक्शन चालू केलं आन् मला म्हणला, "आजी, ह्या खेपेला साखर हातात ठेवा. न्हाईतर..." आन् त्यो 'न्हाईतर' म्हणून गप बसला. त्या एका शबुदावर मी महिना काढला. शालनला भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक. साखरंचा डबा मी उंच फळीवर ठिवला. तरी दर खेपंला आकडा वर. डाक्टर इंजेक्शन वाढवायचा, आन् आकडा त्येच्या बी फुडं.

तर मुमताज सिस्टर उपकेंद्रातनं आली हुती शालनचं बोट टोचायला. टोचलं, मशीन बघितलं, व्हट मुडपला.

"काय खातीस गं?"

"भाकरी. मेथी. डाळ," शालन खाली मान घालून म्हणाली.

"माझ्या डोळ्यांम्होरं ताट घेऊन जाती की," मी म्हणलं. "भरलं जातंय, मोकळं येतंय."

सिस्टर शालनकडं बघंना. माझ्याकडं वळली. खिशातनं बारकी बॅटरी काढली. "मावशी, तुमी तोंड उघडा."

"मी?"

"तुमी."

"का? मी गरवार हाय का?"

फुलाबाईच्या सुपातल्या शेंगा खाली सांडल्या, येवढी हसली ती. फोनमधी तानाजी बी हसला. सिस्टर हसली न्हाई. बॅटरी तशीच धरून हुबी. "मावशी, मला कुठं घाई हाय. माझी भट्टी अजून गरम हाय."

तिचा बा कल्हईवाला. गावोगाव भाता घिऊन हिंडायचा, तांब्यापितळंच्या भांड्यांस्नी आतनं कल्हई लावायचा. ही पोरगी बापासंगं भाता हलवत वाढली. म्हणून तिच्या बोलण्यात सगळी भांडी. कुणी बाई ताप अंगावर काढून आली की म्हणायची, "भोक पडल्यावर आणलासा व्हय पातेलं." कुणाचं पोरगं अशक्त दिसलं की म्हणायची, "ह्येला नुसती कल्हई नगं, ह्येला ठोकून बी घ्याय लागतंय." आन् बापाचं एक सांगणं तिच्या तोंडात कायम, की कल्हई कुणी बी लावंल, आधी कीट काढणारा खरा कारागीर.

मी तोंड उघडलं. मिशेरीनं काळं झाल्यालं. मिशेरी म्हंजे तंबाखू तव्यावर काळी हुईस्तवर भाजायची, कुटायची, आन् बोटानं दाताला लावायची. माझी सासू लावायची, मी लावायची. सिस्टरनं येवढं बारकाईनं बघितलं की मला लाज वाटली. मग शालनला म्हणाली, "आता सासूबाईनं उघडलंय, तुला उघडायला काय झालंय?"

शालननं उघडलं. मी बी वाकून बघितलं. लगीन हुऊन तीन वरसं झालती, पर सुनंचं तोंड आतनं मी पहिल्यांदाच बघत हुते. हिरड्या सुजल्याल्या, लाल न्हाई, जांभळ्या. एका दाढंच्या बुडाला पू. आन् फुडच्या दातांच्या मुळाला तीच काळी रेघ, माझ्या दातांसारखी.

"चावताना दुखतंय?"

"न्हाई."

"दात घासताना रगत येतंय?"

"न्हाई."

सिस्टरनं बॅटरी इजवली. "उद्या दुपारच्याला मी हितंच जेवाय येणार हाय, मावशी. जास्तीचं काय करू नगा."

तिच्या सगळ्या कामाची हीच रीत हुती, ती मला मागनं कळली. ती सुनंचं तोंड कवा आधी तपासायची न्हाई. आधी सासू. ती म्हणायची, "आपल्याकडची सून सासूच्या म्होरं घास बी मोठा घेत न्हाई, मग जबडा काय उघडंल. सासूनं आ केला की निम्मं काम झालं. आन् मिशेरीचा डबा बी सासूपाशीच असतुया." सांगलीला एकदा सगळ्या सिस्टरांचं एक दिवसाचं शिकवणं झालं हुतं, गरवार बाई, शुगर आन् दात ह्येच्यावर. बाकीच्या जेवणाची सुट्टी कवा हुतीया ती बघत बसल्या. हिनं शिकवणाऱ्या बाईस्नी जेवू दिलं न्हाई, येवढं इचारलं. ह्ये तिनंच मला सांगितलं, आन् सांगताना अजिबात लाजली न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. आमच्या घरात शालन कवा माझ्याबरोबर जेवायची न्हाई. ताट घेऊन मागल्या दारी जायची, गोठ्याच्या कडंला गार सावली हुती. "उलटीचा वास येतुया, मोकळ्यात बसते," म्हणायची. मला त्यात काय वाईट दिसलं न्हाई.

सिस्टर तिच्या मागनं गेली आन् तिच्याच ताटाला बसली. एका ताटात. फुलाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "काय बघतीस? भाकरी आपलीच हाय." पर खरं सांगते, ती मुसलमानाची, ह्ये माझ्या बी मनात आलं हुतं. मग सिस्टरनं भाकरीचा करकरीत पोपडा मोडला आन् माझ्या सुनंच्या हातात दिला, आन् मला ती दुसऱ्या कुणाची वाटंनाच झाली.

"खा. मी बी खाते. तुझ्याबरोबरच चावते."

शालननं घास तोंडात घातला. एकाच अंगानं चावाय लागली. दोनदा चावलं आन् थांबली. डोळ्यातनं पाणी आलं. घास गिळंना, थुकंना. दावणीला म्हस हुती, ती मान लांब करून शालनच्या हाताकडं बघाय लागली, आन् हुंकारली. तिला सवय लागल्याली.

सिस्टरनं म्हशीकडं बघितलं. मी म्हशीकडं बघितलं. "मावशी," ती म्हणाली, "तुमची म्हस चांगली डाएट करतीया."

महिनाभर माझी भाकरी, माझी मेथी, माझी डाळ म्हशीनं खाल्ली. आन् पोरगी?

"मग तू कशावर जगतीयास?" मी इचारलं.

फुलाबाई मागनं आली, पदर तोंडात घालून रडाय लागली. "आक्का, म्या दिलं. पोरीला चावंना. मी टोस्ट आणायची, च्यात बुडवून द्यायची. कवा केळ कुस्करून, कवा गुळाचा शिरा. पोटात कायतरी जाऊदे म्हणून दिलं ओ." फुलाबाईला लेकरू न्हाई. शालनवर तिचा जीव. मायेनं ती रोज साखर घालत हुती आन् डाक्टर रोज इंजेक्शन वाढवत हुता.

"आन् मला का सांगितलं न्हाईस?" मी शालनला इचारलं.

"तुमी एवढं करून वाढताय," ती म्हणाली. "तुमच्या हातचं टाकते म्हणून कसं सांगू?"

सिस्टरनं पांढरी ताटली मागिवली. त्यात चूळ टाकायला लावली. ताटलीत गुलाबी पाणी. "ह्ये किती दिवस?"

"दोन महिनं. मोरीत सांडून वर पाणी ओतते."

मग सिस्टरनं आमाला समजावलं, जवळ बसून, सावकाश. गरवारपणात हिरड्या नाजूक हुत्यात, सुजत्यात. शुगर असंल तर त्यात लवकर पू धरतुया. पू धरला की शुगर आणिक वर जाती, आन् शुगर वर गेली की हिरडी आणिक सडती. दोघी एकमेकीला वढत खाली न्हेत्यात. वर दुखतंय म्हणून पोरगी मऊ आन् गोड खाती. "इंजेक्शन एकटं काय करंल, मावशी? वरनं कल्हई आन् आत कीट."

"आन् ती काळी रेघ?" सिस्टर म्हणाली. "मिशेरी कुणी दिली हिला?"

म्याच दिलती. हिरडी वळवळतीया म्हणाली, तवा म्या चिमूट दिली. माझ्या सासूनं मला तशीच दिलती. मिशेरीनं हिरडी बधिर हुती, म्हणून पोरीला बरं वाटायचं, आन् आतनं सडत गेलं. आन् मी ह्ये आजपत्तूर कुणाला बोलले न्हाई, पर आता लिवून घ्या: पहिल्या खेपंला बी म्याच दिलती. सिस्टर म्हणाली हुती, तंबाखू तोंडातनं रगतात जाती, रगतातनं लेकराकडं. मग मी तिला एकटीला गाठून इचारलं, "सिस्टर, पहिलं लेकरू माझ्या डब्यानं गेलं का?"

दुसरी कुणी असती तर म्हणली असती, न्हाई वो मावशी, तसं मनात आणू नगा. ही म्हणाली, "कशानं गेलं त्ये मला सांगता यायचं न्हाई. तुमाला ठावं नव्हतं. आता ठावं हाय."

त्याच सांजंला मी डबा चुलीत रिकामा केला. ह्यात माझी चूक झाली. घरभर असा धूर झाला की म्हस शिंकली, फुलाबाई शिंकत पळत आली, "आक्का, काय जाळलंसा ओ, भूत का काय!" तिथनं तीन दिवस माझं डोकं फुटायची येळ. हात आपसूक फळीवर जायचा, डबा नसायचा. मी कुणाला बोलले न्हाई. ऊस तोडताना पाय कापला तवा बी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी सिस्टर आली, माझ्याकडं बघून म्हणाली, "सुटली?" मी म्हणलं, "सुटली." ती म्हणाली, "माझ्या मामूनं तीनदा सोडली." येवढीच शाबासकी.

आता दातवाल्याकडं जायचं. तितं नवी लढाई. सगळी आळी म्हणाय लागली, गरवार बाईच्या दाताला हात लावू नये, दातातली कळ पोटात उतरती. मला बी तसंच वाटायचं. तानाजीचा फोन आला, "आये, दातबीत काढू नगासा. पोटातल्याला धक्का बसंल. एकदा झालंय." सिस्टरनं माझ्या हातातनं फोन घेतला.

"तानाजीराव, रायफल साफ करता का?"

"करतो की मॅडम. रोज."

"लढाई लागल्यावर करीन म्हणून थांबता का?"

"न्हाई मॅडम."

"मग?"

त्येला पटलं. मग म्हणाला, "जावा मॅडम. आईला बी घिऊन जावा."

तालुक्याच्या गावात एक दातवाला हुता, त्येच्याकडं गेलो. त्यो पोट बघूनच मागं सरला. "बाळंत हुंद्या, मग या." सिस्टरनं पिशवीतनं वही काढली, पेन काढलं, त्येच्या टेबलावर ठिवलं. "डॉक्टरसाहेब, येवढं लिवून द्या. गरवार बाईचं दात तपासू नयेत, पू असला तरी ठिवावा. खाली सही करा. मी मोठ्या डाक्टरला दावते." त्येनं पेन उचललं, ठिवलं. परत उचललं. मग सांगलीच्या एका दातवालीचं नाव लिवून दिलं. सिस्टरनं कागूद वाचला, घडी घातली, म्हणाली, "ह्येलाबी सहीच म्हणत्यात. लय उपकार झालं." ती टोमणा मारतीया का खरंच म्हणतीया, त्येला कळलं न्हाई. मला बी न्हाई.

सांगलीला आमी सकाळच्या गाडीनं गेलो. सिस्टरची त्या दिवशी सुट्टी हुती, ती तिनं आमाला घातली. तिनं शालनला येळंवर इंजेक्शन घ्याय लावलं, येळंवर खाऊ घातलं. उपाशी पोटी दातवाल्याकडं जायचं न्हाई म्हणाली, इंजेक्शनवाल्या बाईची साखर एकदम खाली आली तर तितंच चक्कर यील. पिशवीत गरवारपणाचं कार्ड, शुगरवाल्या डाक्टरची चिठ्ठी. येश्टीत तिच्या मांडीवर ती पिशवी आशी धरल्याली, जणू त्यात दागिनं.

दातवाली डाक्टरीण पोरसवदाच हुती. तिनं चिठ्ठी वाचली, शालनला खुर्चीत जरा डाव्या कुशीवर कलती केली, कमरंखाली उशी दिली. म्हणाली, पाचव्या महिन्यात आलासा, ही चांगली येळ हाय. बधिर करायचं इंजेक्शन दिलं. मग दातांच्या बुडातनं खडं काढाय लागली, पिवळं, काळं, येकेक खडा. मशीन किर्र वाजायचं. मी भिंतीला टेकून हुबी. कळ पोटात उतरती का बघत मी शालनच्या पोटाकडंच बघत हुते. एका येळंला पोट हललं. मी भिंत सोडून फुडं झाले. शालननं माझ्याकडं बघून हात हलिवला, तोंड उघडंच, आन् दोन बोटं पोटावर टेकिवली. लेकरू लाथ मारत हुतं.

"आवाज आवडला न्हाई त्येला," डाक्टरीण म्हणाली.

"बेस झालं," सिस्टर म्हणाली. "कान हायत म्हंजे."

मग तिनं त्या डाक्टरणीला इचारलं, "मॅडम, खडं काढून झालं की आतनं पॉलिश करता का?" डाक्टरीण म्हणाली व्हय. सिस्टरनं माझ्याकडं अशी मान वर करून बघितलं, जणू त्या दवाखान्यात तिचा बाच भाता घिऊन बसलाय. एक दाढ काढायला लागली, पू धरल्याली. दोन खेपंत सगळं झालं. कळ पोटात उतरली न्हाई. कळच गेली.

घरी आल्यावर नवी शाळा. मऊ बरश, सकाळ-सांज. खाल्लं की चूळ. उलटी झाली तर लगीच बरश घासायचा न्हाई, आधी खायच्या सोड्याचं पाणी तोंडात फिरवायचं. तर ह्यात बी अडलं. आमच्याकडं सुना अंगणात खळखळून चूळ भरत न्हाईत. पुरुषमाणसं भरत्यात, म्हाताऱ्या भरत्यात. सुना मोरीत वाकून गप थुकत्यात. शालन तशीच करायची, दोन थेंब तोंडात, झालं. सिस्टर म्हणाली, "मावशी, उद्यापासनं तुमी अंगणात हुबं ऱ्हायचं. हिच्या बाजूला. मोठ्यानं."

मी हुबी ऱ्हायले. हातात बरश, साठी उलटल्यावर पहिल्यांदा. पहिल्या दिवशी मी तो बोटासारखा आडवा फिरवला, फेस नाकात गेला. मग खळखळून चूळ. शालन लाजत लाजत. फुलाबाईचं घर भिंतीच्या पल्याड, ती बघून बघून चौथ्या दिवशी तांब्या घिऊन आली. मग तिच्या शेजारची. आठवडाभरात आमच्या आळीत सकाळी आसा आवाज उठाय लागला की वाटंनं जाणारी माणसं थांबून बघायची. एक म्हातारा म्हणाला, "काय गं बायांनू, पाणी तोंडात धरून उसाला सोडताय व्हय?" सिस्टर स्कुटीवरनं जात हुती. थांबली. "दादा, तोंडातली पुडी थुका आन् तुमी बी रांगंत या." त्यो गेला निघून. पर पुडी थुकून गेला.

शालन भाकरी खाया लागली. माझ्या म्होरं, सोप्यात बसून. तिचा भाकरी चावायचा कुरकुर आवाज, त्यो मी कान देऊन ऐकायची. म्हस रुसली, दोन दिवस दूध चोरलं. महिन्यानं डाक्टरकडं गेलो. आकडा खाली. त्येच्या फुडच्या खेपंला आणिक खाली. डाक्टरनं कागूद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "आजी, काय केलंत?"

मी म्हणलं, "तोंड उघडलं."

भरल्या दिवसांनी दवाखान्यात शालन बाळंत झाली. दुपारची येळ. आतनं आवाज आला, आन् त्यो आवाज आसा मोठा, की भाईर बाकड्यावर फुलाबाई उठून हुबी ऱ्हायली आन् कुणाला त्ये म्हाईत न्हाई, पर हात जोडलं. पोरगी. वजन चांगलं. नर्सनं सांगितलं, लेकराची शुगर बी बघितली, ठीक हाय. तानाजीला फोन लावला. पलीकडं कुणीतरी त्येच्या पाठीवर थापा मारत हुतं, त्येवढा आवाज आला.

मुमताज सिस्टर सांजच्याला आली. पोरीला हातात घेतलं. सगळी बघत हुतो, आता मुका घील, दुवा दील. तिनं आधी करंगळीनं लेकराचं तोंड उघडलं, आत बघितलं.

"मोकळं हाय," म्हणाली. "बेस हाय. असंच नव्यानं सुरू करायचं." मग दुवा दिली. आन् मला सांगितलं, दूध पाजलं की ओल्या मऊ फडक्यानं हिरड्या पुसायच्या, दात येऊस्तवर वाट बघायची न्हाई.

पर खरी मजा बारशाला झाली. आमी मांडव घातलता. आळीतल्या, भावकीतल्या बाया आलत्या. पाळणा म्हणून झाला, नाव ठिवून झालं. सिस्टर कोपऱ्यात बसल्याली, हिरवं पाताळ, डोक्यावर पदर. मला वाटलं आज तरी ही पाव्हणी हाय. तिनं बायांच्यात तिघी गरवार हेरल्या. उठली, पिशवीतनं बॅटरी काढली, आन् मांडवाच्या मधी येऊन म्हणाली, "ज्यांच्या सुना गरवार हायत, त्या सासवांनी हितं म्होरं बसा."

कुणी हालंना. एक ठसक्यात म्हणाली, "बारशाला आलोय का तपासणीला?"

मी उठले. पाटावर जाऊन बसले, आन् भर मांडवात आ केला. माझं दात आता पांढरं नव्हतं झालं, पर काळं बी नव्हतं ऱ्हायलं. "बघा," मी म्हणलं. "ह्ये उघडलं म्हणून ती नात हाय."

फुलाबाई येऊन माझ्या शेजारी बसली, तिला सून न्हाई तरी बसली. मग ती ठसक्यातली आली. मग दुसरी. रांगच लागली. नटल्याल्या, नथी घातल्याल्या सासवा, वळीनं आ करून बसल्याल्या, आन् त्यांच्या मागं त्यांच्या सुना तोंडाला पदर लावून हसत्यात. सिस्टर येकेकीच्या म्होरं वाकून बॅटरी मारतीया. मिशेरीचं डबं आमच्याच अंगणात पडलं त्या दिवशी. ह्या खेपंला मी त्ये जाळलं न्हाई, खड्ड्यात पुरलं. तिघी सुनांचं दात बघून घेतलं, एकीला तर सांगलीला न्यायला लागलं. तिघींची लेकरं आज गावात हुंदडत्यात.

मग सिस्टरची बदली झाली आटपाडीकडं. तिकडं कोरडं रान, माणसं डाळिंब पिकिवत्यात, ऊस नजरंला पडत न्हाई. मी एकदा येश्टीनं गेले, आमच्या रानातलं पाच ऊस मोळी बांधून काखंत. कंडक्टर कुरकुरला, मी त्येच्याकडं बघितलं, त्येनं तिकीट फाडलं.

उपकेंद्राच्या पायरीवर ती बसल्याली. ड्युटी संपल्याली. बाया गेल्याल्या. माझी मोळी तिनं सोडली. एक कांडं काढलं, आन् दातानं सोलाय लागली. सुरी न्हाई, इळा न्हाई. साल दातात धरून खाली वढायची, टरकन. ऊस चावताना तिचं डोळं मिटत हुतं. रस कोपरापत्तूर आला. दोन कांडी खाल्ली, तवर मी बी एक खाल्लं, डाव्या अंगानं, कारण माझं उजवीकडचं दात आता गेलं. ती म्हणाली, "मावशी, आज मी कुणाचीच सिस्टर न्हाई." मी म्हणलं, "खा गं."

गाडी आली. मी खिडकीत बसले. वळणापत्तूर बघितलं तवर ती पायरीवरच हुती, तिसरं कांडं हातात, उनात, पाय पसरून, दातानं साल वढत. त्या मागं मी तिला बघितलं न्हाई. तिला फोन करून सांगितलंय, की हे मी सांगणार हाय. ती म्हणाली, सांगा, पर माझं कमी सांगा आन् दाताचं जास्ती सांगा. मला त्ये जमलं न्हाई.

आता ज्यो कुणी हे वाचतुया, त्येला माझं येवढंच मागणं हाय. तुमच्या घरात गरवार बाई असंल, आन् तिला शुगर असंल, तर तिला दातवाल्या डाक्टरकडं घिऊन जावा. बाळंत हुईस्तवर थांबू नगा. जाताना तिचं कार्ड न्या, तिला खाऊ घालून न्या. आन् तिला जेवताना दुखतंय का इचारा. ती न्हाई म्हणाली, तर परत इचारा.